राखाडी मातीखालची चिकण: पाणी कुठे अडतं ते आधी बघा

तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर लगेच कळेल. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, कॅल्गरीच्या पश्चिमेला ब्रॅग क्रीककडे, डोंगरउतारावर तुम्ही तीन एकर जागा घेतली आहे. घर बांधायचंय, मागे भाजीपाला करायचाय, आणि सांडपाणी स्वतःच्याच जमिनीत मुरवायचंय. त्यासाठी यंत्राने सहा फुटांचा खड्डा घेतलात. वर दोन-तीन इंच पाइनच्या सुया आणि पाचोळा, त्याखाली पाच-सहा इंच राखेसारखी फिकट माती, आणि मग एकदम तपकिरी, गोट्यांनी भरलेली, पहारीशिवाय न फुटणारी चिकणमाती. फिकट माती, तिच्याखालची चिकणमाती आणि खड्ड्याचा तळ, असे तीन नमुने तपासायला दिलेत, त्यात चिकणाचं प्रमाण वरून खाली १७, ३८ आणि २९ टक्के आलं. वडिलांनी परभणीहून फोटो बघून सांगितलं, ही तर आपली काळी जमीन, घराला तडे जाणार. तिथला खोदकामवाला म्हणतो, वरची राखाडी माती खरवडून फेका आणि खालच्या चिकणीत वाळू कालवा. आणि मे महिन्यात तुम्हाला स्वतःला तिथे पावलागणिक पाणी दिसलं होतं.

मी राहुरीला कृषी शिकलो आणि गेली सव्वीस वर्षं याच टेकड्यांत माती बघायचं काम करतो: लाकूडतोडीआधीची पाहणी, घरांच्या जागा, तेलविहिरींच्या बंद झालेल्या जागा पुन्हा हिरव्या करणं. त्या अनुभवावरून सांगतो, वडिलांची भीती समजण्यासारखी आहे, पण तुमच्या जागी ती बहुतेक लागू पडणार नाही. खोदकामवाल्याचे दोन्ही सल्ले मात्र अजिबात मानू नका. तुमचा प्रश्न ३८ टक्के चिकणाचा वाटतोय. खरा प्रश्न त्या ३८च्या डोक्यावर बसलेल्या १७चा आहे. दोन थर जिथे भेटतात तिथे पाणी अडतं. घर, सांडपाणी, बाग, तिन्हींची उत्तरं त्या एका रेषेतून निघतात.

आधी ही माती आली कुठून ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. तुमच्या खड्ड्यातली माती नदीने आणलेली नाही आणि जागच्या खडकाची झीज होऊनही तयार झालेली नाही. ती हिमनदीने आणून दाबली आहे. नदी निवडून टाकते: वेग कमी होईल तसे आधी गोटे, मग वाळू, शेवटी गाळ. हिमनदीला निवड ठाऊकच नाही. घराएवढा दगड आणि पिठाएवढा कण ती एकाच जागी सोडते. या सरमिसळीला टिल म्हणतात. ओकोटोक्स गावाजवळ उघड्या गवताळ माळावर तो प्रचंड दगड आहे, साधारण १६,५०० टनांचा क्वार्ट्झाइट, तो एकदा मुलांना घेऊन बघून या. तो जॅस्परच्या बाजूच्या डोंगरातला आहे, शेकडो किलोमीटर बर्फावर बसून आलाय. तुमच्या खड्ड्यातले गोटेही तशाच प्रवासातले लहान भाऊ. एखादा धुऊन उन्हात तिरका धरा. सपाट घासलेली बाजू आणि तिच्यावर समांतर ओरखडे दिसले तर समजा बर्फाखाली घासत आलाय. असे ओरखडे बघायला महाराष्ट्राबाहेर जावंच लागतं असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ चुनखडकावर हिमनदीचे ओरखडे आहेत, त्यावर तालचीर काळातला गोट्यांचा थर आहे, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. तो आता दगड झालाय. तुमचा टिल गेल्या हिमयुगातला, म्हणून अजून माती आहे.

दोन प्रकारचे टिल ओळखता आले पाहिजेत. बर्फाच्या तळाशी, वरच्या शेकडो मीटर बर्फाच्या वजनाने दाबला गेलेला टिल काँक्रीटच्या जवळ जातो. घन सेंटिमीटरला १.८ ग्रॅम किंवा त्याहून जास्त भरतो. चांगल्या बागेची माती १.१ ते १.३ भरते, त्यावरून अंदाज करा. बर्फ वितळताना वरून अलगद खाली बसलेला टिल त्यामानाने सैल आणि जास्त रेताड असतो. तुमच्या वर्णनावरून तळाशी दाबलेला टिल वाटतो, पण फोटोवरून खात्री देता येत नाही.

आता त्या आकड्यांबद्दल एक गोष्ट, जी अहवालात कोणी लिहीत नाही. प्रयोगशाळा माती आधी दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळते आणि खाली पडेल त्याचीच टक्केवारी देते. तुमचे गोटे, खडे, बारीक गिट्टी चाळणीवरच राहिली आणि हिशोबातून गेली. समजा वजनाने ३५ टक्के दगड असतील, तर एकूण मातीत चिकण ३८च्या जागी २५ टक्क्यांच्या आसपास उरते. परभणीच्या काळ्या जमिनीत असा दगडांचा सांगाडा नसतो, तिथे ५० टक्के म्हणजे जवळजवळ सगळ्या मातीचे ५० टक्के. दगड फुगत नाहीत, आकसत नाहीत. म्हणून दोन अहवालांतले आकडे शेजारी ठेवून जमिनी सारख्या ठरवू नका. पुढच्या वेळी नमुना देताना दगडांचंही वजन मागून घ्या.

आता राखाडी थर. तुम्ही त्याला राख म्हणता, आणि पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण तसंच म्हणतो. वणव्याची राख नाही ती. ती धुतलेली माती आहे.

मूळ टिलमध्ये चुना भरपूर असतो, कारण इथल्या डोंगरांत चुनखडक आणि डोलोमाइट आहेत. जोवर मातीत चुना आहे तोवर चिकण जागची हलत नाही. याचं कारण आपल्या घरातच आहे. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी भरून आणलं की आजी त्यात तुरटी फिरवायची आणि थोड्या वेळात गाळ तळाला बसायचा. तुरटीतले भारित कण चिकणाच्या कणांना एकत्र आणतात, गुठळ्या होतात, गुठळ्या जड म्हणून बसतात. मातीतल्या चुन्याचं कॅल्शियम तेच काम करतं. पण हजारो वर्षं बर्फाचं आणि पावसाचं पाणी, त्यात पाइन-स्प्रूसच्या पाचोळ्याचं आम्ल, वरून खाली झिरपत राहिलं. आधी चुना विरघळून खाली गेला. वरचा थर किंचित आम्ल झाला, गुठळ्या सुटल्या, आणि चिकणाचे कण पाण्याबरोबर फटींतून खाली उतरू लागले. खाली जिथे पाणी थांबलं, शोषलं गेलं किंवा पुन्हा चुना भेटला, तिथे ते भिंतींना चिकटून बसले. तुमचे तीन आकडे हीच गोष्ट सांगतात. खालचा २९ हा मूळ टिल. वरच्याने गमावून १७वर आला, मधल्याने कमावून ३८वर गेला.

हे फक्त आकड्यांवर सोडू नका, हाताने बघा. राखाडी थराचा ढेकूळ हळूच उकला, चिरोट्यासारखे आडवे पापुद्रे सुटतील. दरवर्षी गोठताना बर्फाचे पातळ पदर तयार होतात, त्याचाही यात हात आहे. मग मधल्या थरातलं ढेकूळ फोडा. ते कोनदार तुकड्यांत फुटेल, आणि प्रत्येक तुकड्याच्या अंगावर नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखी पातळ, मेणचट चकाकी दिसेल. ती वरून उतरलेली चिकण. मुळांच्या जुन्या भोकांच्या आतूनही तेच सारवण असतं. या सारवणावर झाडांची मुळं चपटी होऊन पसरलेली दिसतील, कारण तुकड्याच्या आत शिरायला त्यांना जागा नाही.

कॅनडाच्या वर्गीकरणात अशा मातीला ग्रे लुव्हिसॉल म्हणतात. वरच्यापेक्षा खालच्या थरात चिकण किमान १.२ पट असावी, असा वरच्या १७ टक्क्यांना लागणारा नियम आहे. तुमच्याकडे ती सव्वादोन पट आहे. अमेरिकेच्या पद्धतीत हीच अल्फिसॉलमध्ये जाते. इथले जुने शेतकरी अजून ग्रे वुडेड म्हणतात, आणि मला तेच नाव आवडतं, कारण त्यात रंग आणि जंगल दोन्ही आलं.

एक सावधगिरी इथे नोंदवतो. सव्वादोन पटींचा सगळा फरक चिकण धुऊन खाली उतरण्याने झाला असेलच असं नाही. या टेकड्यांवर बर्फ हटल्यावर वाऱ्याने बारीक गाळ आणून टाकला आहे, आणि साधारण ७,७०० वर्षांपूर्वी ओरेगनमधला माझामा ज्वालामुखी फुटला तेव्हाची राख या डोंगरांवरही पडली. म्हणजे तुमच्या वरच्या थरात थोडी खरी राख असूही शकते. ओळखायची सोपी खूण: वरच्या थरात गोटे अजिबात नाहीत आणि खाली भरपूर, असं असेल तर वरचा काही भाग वाऱ्याने आलेला आहे. गोटे दोन्हींत असतील तर एकच टिल, वरून धुतलेला. तुमच्या कामासाठी निष्कर्ष बदलत नाही. वरचा थर मात्र आणखी मऊ आणि धूपप्रवण असेल, एवढं लक्षात ठेवा.

आता वडिलांच्या शंकेकडे वळतो, कारण ती मनापासून आलेली आहे आणि तिला नीट उत्तर मिळायला हवं. मराठवाड्याची काळी जमीन फुगते ती नुसती चिकण जास्त म्हणून नाही, चिकण कोणत्या जातीची आहे म्हणून. बेसॉल्टची झीज होऊन तिथे स्मेक्टाइट नावाचं चिकणखनिज तयार झालं. त्याच्या पदरांमध्ये पाणी शिरतं, पदर लांब होतात. उन्हाळ्यात पाणी निघतं आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथली चिकण टिलमध्येच तयार झाली असं नाही, ती बहुतेक शेल नावाच्या मातकट खडकातून तयार मिळाली, बर्फाने नुसती दळून मिसळली. बर्फाच्या जात्यातून निघणारं पीठ मुख्यतः गाळाच्या जाडीचं असतं, चिकणाएवढं बारीक क्वचितच. जुन्या डोंगरी शेलमधून बहुधा इलाइट, क्लोराइट, केओलिनाइट या जातींची चिकणखनिजं येतात. ही कमी फुगतात. पण टेकड्यांच्या पूर्वेकडे क्रिटेशियस काळातले काही शेल बेंटोनाइटचे आहेत, आणि बेंटोनाइट म्हणजे स्मेक्टाइटच. बर्फाने तो शेल उचलला असेल तर वडिलांचं म्हणणं काही प्रमाणात खरं ठरेल. म्हणून मी ‘बहुतेक’ म्हणतो, ‘नक्की’ म्हणत नाही.

घरबसल्या एक चाचणी करा. मधल्या थरातली माती भिजवा, दगड वेचून टाका, कणकेसारखी तिंबा आणि बरोबर दहा सेंटिमीटरची वळी करा. सावलीत पूर्ण वाळू द्या, मग मोजा. ९.७च्या आसपास राहिली तर आकसण कमी. ९.४ आली तर मध्यम. ९.२ किंवा त्याखाली आली तर बांधकामाआधी भू-तांत्रिक अभियंत्याला बोलवाच. तो मातीचा सुघट्यता निर्देशांक काढेल, म्हणजे ओलाव्याच्या किती टप्प्यात ती कणकेसारखी वळता येते त्याचं माप. १५च्या खाली आला तर निश्चिंत राहा, ३५च्या वर गेला तर पायाचा विचार वेगळा करावा लागेल. आणि खड्ड्याच्या भिंतीत आणखी एक बघा. काळ्या जमिनीत खोलवर तिरकस, घासून गुळगुळीत झालेले मोठे पृष्ठभाग असतात, त्यावर एकाच दिशेचे चरे असतात, कारण फुगताना माती मातीवर घसरते. तुमच्याकडे नुसतं सारवण दिसतंय, चरे नाहीत, तर ती चकाकी उतरलेल्या चिकणाची आहे, घसरण्याची नाही.

वळी चांगली आली असं धरून पुढे जातो. म्हणजे मुख्य विषय, पाणी.

एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळतो, मे-जूनमध्ये इथला सर्वांत मोठा पाऊस येतो. राखाडी थर पाणी पटकन आत घेतो. मग ते पाणी चिकणाच्या थराला लागतं आणि तिथे त्याचा वेग इतका कमी होतो की वरचं येणारं पाणी साठत जातं. खालचे पाच फूट जेमतेम ओले, आणि वरचे सहा इंच चिखल. तुमच्या पावलाखाली मेमध्ये जे पाणी आलं ते भूजल नव्हतं, ते अडलेलं पाणी होतं. उतार असल्यामुळे ते नुसतं उभं राहत नाही, त्या रेषेवरून आडवं चालत खाली येतं. वरच्या शेजाऱ्याच्या जंगलातलं पाणीही तुमच्याकडे याच वाटेने येतं. मग जुलैत पाऊस थांबला, वारा सुटला की तोच सहा इंचांचा थर दोन आठवड्यांत कोरडा होतो, आणि मुळं खाली जाऊ शकत नाहीत. एकाच जागी वसंतात चिबड आणि उन्हाळ्यात अवर्षण.

हे मी नुकसान करून शिकलो. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी स्प्रूसची रोपं लावायच्या एका जागेची पाहणी केली. चिकणाचा आकडा बघितला, राहुरीची सवय होती, लिहिलं: भारी जमीन, ओलावा चांगला धरेल. वसंतात अर्ध्या रोपांची मुळं बुडाली, आणि जी वाचली त्यांतली बरीच जुलैअखेर वाळली. खड्डा एकच थर असल्यासारखा वाचला होता मी. तेव्हापासून आकडा बघायच्या आधी भिंत बघतो.

भिंतीवर पाण्याची सही असते. चिकणाच्या थराच्या माथ्याला गंजासारखे नारिंगी ठिपके आणि त्यांच्या मधे फिके करडे डाग असतील, तर तिथे दरवर्षी काही आठवडे पाणी साचतं. लोखंड हवेअभावी विरघळतं, हवा आली की गंजून बसतं. ठिपके फक्त माथ्याला असतील तर पाणी वरून अडलेलं. खाली पाच-सहा फुटांवरही करडा रंग वाढत जात असेल तर खरं भूजलही जवळ आहे, आणि मग सगळंच अवघड. तुमच्या फोटोत माथ्याला ठिपके दिसतायत असं मला वाटतं, पण कॅमेऱ्याच्या रंगावर मी पैज लावणार नाही.

सांडपाणी. आपल्याकडच्यासारखा शोषखड्डा इथे डोक्यातून काढून टाका. खोल खड्डा म्हणजे चिकणाच्या थरात खोदलेली टाकी. ती भरेल आणि वाहील. अल्बर्टात अशा यंत्रणेची आखणी मातीचा पोत आणि घडण खड्ड्यात बघून करावी लागते, आणि ते काम प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच करायचं असतं. तुमच्या जागी तो बहुधा जमिनीवर वाळूचा उंचवटा करून त्यातून पाणी सोडायला सांगेल, किंवा आधी जास्त शुद्ध करून मग उथळ थरात. खर्च वाढतो, हे खरं आहे, पण इथे वाचवलेला पैसा शेजाऱ्याच्या विहिरीत जातो. बांधकाम कोणतंही असो, एक आग्रह धरा: माती ओली असताना तिथे यंत्र फिरवू देऊ नका आणि चर खणू देऊ नका. ओल्या चिकणीत यंत्राच्या बादलीने भिंती अशा सारवल्या जातात की मग पाणी आत शिरत नाही. या टेकड्यांत लाकूडतोडही अशा मातीवर शक्यतो जमीन गोठलेली असताना करतात, ते उगाच नाही.

घराच्या बाबतीत बातमी चांगली आहे. दाबलेला टिल पायासाठी उत्तम. पायाखाली त्याहून बळकट माती क्वचितच मिळते. धोका फुगण्यापेक्षा गोठण्याचा जास्त. ओली, गाळाळ माती गोठताना खालून पाणी ओढून घेते, बर्फाचे पदर वाढतात आणि माती वर उचलली जाते. पाया गोठणाऱ्या खोलीच्या खाली न्यावा लागतो, या भागात चार फूट किंवा जास्त. नेमका आकडा परवाना देणारे सांगतील. पण पोर्च, पायऱ्या, गॅरेजची फरशी यांचं लोक विसरतात, आणि तेच उचललं जातं. घराच्या वरच्या अंगाला एक आडवा चर काढा, तळ चिकणाच्या थरात थोडा आत घेऊन, त्यात छिद्रांचा पाइप आणि खडी घाला, आणि आडवं येणारं पाणी घराच्या दोन्ही बाजूंनी वळवून खाली सोडा. मात्र तीव्र उताराच्या कडेवर सोडू नका. या एका चराने तळघराच्या निम्म्या तक्रारी टळतात. पाया भरून झाल्यावर भोवतीच्या खाचेत ढेकळं लोटतात, तेही बघा. सैल ढेकळांची खाच म्हणजे घट्ट चिकणीत खोदलेलं घंगाळ, छपराचं सगळं पाणी त्यात जमतं. थर-थराने दाबून घ्या, वरून उतार घराबाहेर द्या.

उताराबद्दल एवढंच की झाडांचे बुंधे मुळाशी वाकून मग सरळ वाढलेले दिसत असतील, किंवा जागेत पायरीसारखे उंचवटे असतील, तर उताराचा पायथा कापू नका आणि आधी अभियंत्याचं मत घ्या. चिकणाचा टिल कोरडा असताना भिंतीसारखा उभा राहतो, भिजला की तसा राहत नाही.

बागेसाठी माझं मन जरा जास्त बोलतं, कारण तिथे लोक सगळ्यात जास्त नासाडी करतात. राखाडी थर निकस दिसतो म्हणून खरवडायचा, हा सल्ला मी दर वर्षी ऐकतो. तो निकस आहे, मान्य. सेंद्रिय कर्ब कमी, पावसाच्या माऱ्याने वर पापुद्रा धरतो, बी त्यातून वर येत नाही. पण तुमच्याकडे हवा खेळणारा तेवढाच एक थर आहे. तो काढलात तर चिकणीत लावावं लागेल. खोल नांगरून चिकण वर आणणंही तसंच, हिवाळ्यात गोठून थोडी फुटते आणि पहिल्या पावसात पुन्हा एक होते. आणि वाळू? चिकणीत थोडी वाळू म्हणजे विटेचा कच्चा माल. फरक पडायला मातीच्या निम्म्याहून जास्त वाळू लागते. तेवढ्या पैशात चांगलं कंपोस्ट येईल. जिप्समही कोणीतरी सांगेल. ते आपल्याकडच्या चोपण जमिनीसाठी, जिथे सोडियमचा त्रास आहे. तुमच्या अहवालात सोडियम नगण्य आहे.

काय करायचं ते एडमंटनच्या नैऋत्येला ब्रेटन इथे उभं आहे. अल्बर्टा विद्यापीठाने १९२९मध्ये अशाच ग्रे लुव्हिसॉलवर प्रयोगाचे पट्टे सुरू केले, ते आजही चालू आहेत. एका बाजूला गहू आणि पडीक, दुसऱ्या बाजूला गहू, ओट, बार्ली आणि दोन वर्षं चारा, त्यात कडधान्य कुळातली पिकं. चाऱ्याचा फेरा आणि शेणखत मिळालेले पट्टे आज डोळ्यांनीही वेगळे ओळखू येतात, माती गडद आणि भुसभुशीत झालेली आहे. इथल्या मातीत गंधक कमी असतं, हेही याच प्रकारच्या जमिनींवर कळलं. लसूणघासासारखी पिकं गंधक दिल्यावर जोमाने उठली. म्हणून खत घेताना नत्र-स्फुरद-पालाशवर थांबू नका, गंधकाची तपासणी करून घ्या. लवकर परिणाम हवा असेल तर सल्फेट रूपात द्या; शुद्ध गंधक जिवाणूंनी पालटावं लागतं, आणि थंड मातीत ते सावकाश चालतात.

तुम्ही सुरुवातीला राखाडी थर तसाच ठेवून त्यावर गादीवाफे करा, आठ-दहा इंच उंच, कंपोस्ट आणि वरची माती मिसळून. वसंतात मुळं पाण्याच्या वर राहतील आणि माती लवकर तापेल, जे या उंचीवर फार महत्त्वाचं आहे, कारण रात्रीही पारा गोठणबिंदूखाली जात नाही असे सलग दिवस इथे शंभरही मिळत नाहीत. बटाटा, गाजर, कोबी, वाटाणा, पालक, मेथी येतील. वांगं-टोमॅटो प्लास्टिकच्या घराखाली. उरलेल्या जागेत दोन-तीन वर्षं लसूणघास आणि गवत ठेवा. लसूणघासाला आम्ल माती सोसत नाही, तेव्हा सामू (pH) सहाच्या खाली असेल तर आधी चुना द्या. लसूणघासाची मुळं चिकणाच्या फटींतून जेवढी वाट काढतील तेवढी कोणत्याही यंत्राला काढता येणार नाही. झाडांचा भुसा वर आच्छादन म्हणून घाला, आत मिसळू नका, नाहीतर नत्र खाऊन टाकेल.

आणि वाफसा. हा शब्द मी इथल्या सहकाऱ्यांना शिकवलाय, कारण त्यांच्याकडे एका शब्दात तो नाही. मूठभर माती दाबा, अंगठ्याने ढकला. फुटली तर कुदळ घ्या. चपटी होऊन चकाकली तर घरी जा. इथे वाफसा फार थोडे दिवस असतो, पण त्या दिवसांची वाट बघावीच लागते.

थोडक्यात क्रम सांगतो: वळी करून फुगण्याची शंका आधी मिटवा, मग खड्ड्याच्या भिंतीवर ठिपके कुठे आहेत ते बघा, मग वरच्या अंगाचा चर, आणि बाग सगळ्यात शेवटी. आणि हो, दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधाराशिवाय कोणी उतरू नये. भिंत वरूनच बघा, ढेकळं बादलीतून काढून घ्या. मुलं येत असतील तर खड्डा आजच बुजवा.

बुजवायच्या आधी एकच काम बाकी राहतं. खड्ड्यापासून चार-पाच मीटर लांब, न हललेल्या मातीत, ऑगरने, म्हणजे माती कोरायच्या गिरमिटाने, दोन भोकं पाडा: एक चिकणाच्या माथ्यापर्यंत, सात-आठ इंच, दुसरं पाच फूट. दोन्हींत तळाशी छिद्रं पाडलेला पाइप उभा करा, तळाभोवती खडी घाला, आणि खोल पाइपाभोवती वरचा भाग बेंटोनाइटने बंद करा, म्हणजे वरचं पाणी त्याच्या कडेने खाली उतरणार नाही. वर टोपण लावा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत दर रविवारी दोन्हींतलं पाणी मोजा आणि मला कळवा. उथळ पाइपात पाणी आणि खोल पाइप कोरडा असेल, तर वर लिहिलंय ते सगळं तसंच धरा. दोन्हींत पाणी एकाच पातळीला आलं, तर सांडपाण्याबद्दल आणि तळघराबद्दल मला नव्याने लिहावं लागेल.